राळेत राहून गेलेलं औषध: सर्पगंधेच्या मुळीची पार्श्वभूमी

सर्पगंधेची वाळलेली मुळी हातात घेतली तर खास काही वाटत नाही. वाकडीतिकडी, सुरकुतलेली, वरून मातकट साल आणि आत फिकट लाकूड. वास जवळजवळ नाहीच. चव मात्र कडूजहर. औषधी गुण बहुतेक सगळा त्या सालीत. बिहारकडे हिला सरळ ‘पागल की दवा’च म्हणत. वेडाचे झटके, झोप न येणं आणि सर्पदंश या तिन्हींवर ती दिली जायची.

‘राउवोल्फिया सर्पेंटिना’ या शास्त्रीय नावात लेओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याचं नाव आहे. त्यानेच ही मुळी भारतातून युरोपात नेली, अशी कथा अधूनमधून वाचायला मिळते. पण तो बगदादपर्यंत आला होता, भारतात नाही. प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ साली अमेरिकेतल्या वनस्पतींच्या एका कुळीला त्याचं नाव दिलं आणि पुढे आपली मुळीही त्याच कुळीत गणली गेली.

रसायनशास्त्राचा खरा प्रवेश १९३१चा. हकीम अजमल खान यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या दिल्लीच्या आयुर्वेद-युनानी तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी काम करत होते. फ्रँकफर्टला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून ते परतले होते. त्यांनी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतले अल्कलीसारखे नायट्रोजनयुक्त पदार्थ, वेगळे केले. पांढऱ्या स्फटिकांचे तीन: अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन. पिवळ्या स्फटिकांचे दोन: सर्पेंटीन आणि सर्पेंटिनीन. हकीमसाहेब १९२७ साली वारले होते. पहिल्या तीन नावांत ते राहिले.

१९३१ सालीच कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की मुळीच्या नुसत्या चूर्णाने रुग्णाला झोप लागते, उन्माद शमतो आणि रक्तदाबही उतरतो. त्यांची मात्रा होती २० ते ३० ग्रेन, म्हणजे दीड-दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा.

आता दोन्ही कामं शेजारी ठेवली की पेच दिसतो. चूर्णाने माणूस शांत होत होता, पण बाटलीतले शुद्ध स्फटिक देऊन तो परिणाम काही येत नव्हता. मग शांत करणारं होतं तरी काय?

उत्तर अर्क काढण्याच्या रीतीत दडलेलं होतं. अल्कलॉइड काढायची नेहमीची पद्धत अशी: चूर्ण अल्कोहोलमध्ये भिजवायचं, अल्कोहोल उडवायचं, उरलेला अर्क आम्लाच्या पाण्यात ढवळायचा. अल्कलॉइड क्षार बनून पाण्यात उतरतात, भांड्याच्या तळाला तपकिरी, चिकट राळ उरते. पाणी पुढे न्यायचं, अमोनिया घालून साका पाडायचा, तो पुन्हा पुन्हा स्फटिकरूपात आणायचा. राळेकडे लक्ष द्यायचं कारण नसतं. भांडं घासणाऱ्याचीच ती डोकेदुखी. पण चाळीसच्या दशकात भारतीय संशोधकांच्या ध्यानात आलं, की गुंगी आणणारा गुण त्या राळेतच आहे.

शुद्ध संयुगाची वाट न बघता मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुळीच्याच गोळ्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांना दिल्या आणि १९४९ साली निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष खऱ्या अर्थाने या मुळीकडे वळलं ते त्या लेखानंतर. १९५७ साली डॉ. वकील यांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

राळेचा माग शेवटी स्वित्झर्लंडमध्ये लागला. बाझेलच्या सीबा कंपनीत म्युलर आणि श्लिटलर राळेचे अंश पाडत आणि बाइन ते प्राण्यांवर तपासत. स्फटिक छान आले की नाही याला महत्त्व नव्हतं. प्राणी शांत झाला तर तो अंश पुढे न्यायचा. १९५२ साली रेसर्पीन हाती आलं. ते इतकं दुबळं अल्कली आहे, की आम्लाच्या पाण्यातूनही क्लोरोफॉर्ममध्ये निघून जातं. नेहमीच्या पद्धतीच्या तावडीतून ते सुटलं ते असं. मुळीत त्याचं प्रमाण हजारात जेमतेम एक भाग, पण मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात.

ओळख पटवण्याचं काम मग झपाट्याने झालं. रेणूचं जलविघटन करून रेसर्पिक आम्ल, ट्रायमेथॉक्सिबेन्झॉइक आम्ल आणि मिथेनॉल असे तुकडे मिळाले. ते जोडून रचना ठरली. १९५६ साली हार्वर्डच्या वुडवर्डनी प्रयोगशाळेत रेसर्पीन पहिल्यापासून बनवून दाखवलं.

औषध म्हणून त्याचा काळ फार टिकला नाही. काही रुग्णांना खोल उदासी यायची, आणि पुढे सोयीची औषधंही आली. मात्र रेसर्पीन मेंदूतली सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही संदेशवाहक रसायनं रिती करतं हे कळल्यामुळे १९५७ साली स्वीडनच्या कार्लसननी रेसर्पीनने निपचित पडलेले ससे एल-डोपा, म्हणजे मेंदूतल्या डोपामिन या अशाच रसायनाचा कच्चा माल, देऊन उठवले. पार्किन्सनच्या आजच्या उपचाराची वाट तिथून निघते.

आणि अजमलीन? मन शांत करायला निरुपयोगी ठरलेला हा स्फटिक हृदयाच्या ठोक्यांवर काम करतो असं नंतर दिसलं. युरोपातल्या हृदयरोग केंद्रांत ब्रुगाडा या हृदयाचे ठोके अचानक बिघडवणाऱ्या आनुवंशिक विकाराचा संशय आला की ईसीजी चालू ठेवून शिरेतून अजमलीन देतात आणि लपलेली खूण पट्टीवर उमटते का ते बघतात.