परसबागेतल्या गोगलगायींचा बंदोबस्त (कोल्हापूर भाग)

परड्यात, गच्चीवर नाहीतर कुंड्यांत लावलेली भाजी शंखाच्या आणि बिनशंखाच्या गोगलगायींपासून वाचवायची जी काही कामं आहेत त्या सगळ्यांना मिळून हे नाव. कोल्हापुरात हा त्रास वळवाच्या पावसानंतर सुरू होतो आणि पार दिवाळीपर्यंत चालतो, कारण इथं वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच, काळी माती ओल धरून बसते आणि भाजीवर झाकायला लोक उसाचं पाचट आणतात. ओल, अंधार, आडोसा आणि कोवळा पाला, गोगलगायीला आणखी काय पाहिजे.

बहुतेक लोक पानं खाल्लेली दिसली की मगच औषध शोधायला लागतात आणि तिथंच चुकतं. एवढं एक लक्षात ठेवा, की या कामात औषधापेक्षा वेळ महत्त्वाची. मे महिन्यातला एक रविवार आणि पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस जो मन लावून काम करतो त्याला पुढं फारसं काही करावं लागत नाही.

कोण कोण असतात

परड्यात सगळ्यात जास्त नुकसान करणारी ती आफ्रिकन राक्षसी गोगलगाय, आपल्याकडं शंखी गोगलगाय म्हणतात ती. शंख निमुळता, तपकिरी, त्यावर उभे फिकट पट्टे, आणि वाढली की हाताच्या तळव्याएवढी होते. मूळची ही पूर्व आफ्रिकेतली, १८४७ साली बेन्सन नावाच्या एका इंग्रजानं मॉरिशसहून कलकत्त्याला आणून सोडली आणि तिथून देशभर पसरली. पाचशेच्या वर जातींची झाडं खाते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात हिनंच कोवळं सोयाबीन उगवता उगवता खाऊन टाकलं, शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. म्हणजे हा नुसता हौशी बागवाल्यांचा प्रश्न नाही.

दुसरी ती बिनशंखाची. काळपट, चपटी, चामड्याच्या तुकड्यासारखी दिसते, कुंडीच्या बुडाखाली नाहीतर विटेखाली चिकटून बसलेली सापडते. हीसुद्धा मूळची आफ्रिकेतलीच. शंख नसल्यामुळं कुठल्याही फटीत शिरते म्हणून शोधायला जास्त अवघड.

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण माणसांवर वापरतो पण प्राणिशास्त्रातही या वर्गाचं नाव उदरपाद असंच आहे, म्हणजे पोट हाच पाय. त्या पायातून चिकट स्राव सोडत ती सरकते आणि तो वाळला की चंदेरी रेघ उरते. नुकसान कुणी केलं हे ओळखायची हीच खूण. अळीनं पान खाल्लं तर बारीक काळ्या लेंड्या दिसतात, टोळ कडेनं कुरतडतो, पण सकाळी पानावर नाहीतर कुंडीच्या काठावर चकाकणारी रेघ असली आणि पानाला वेडीवाकडी भोकं असली तर गोगलगायच. मेथी-कोथिंबिरीची रोपं तर रात्रीत बुडख्यापासून नाहीशी होतात आणि आपल्याला वाटतं बी उगवलंच नाही.

वर्षाचं चक्र

नर-मादी असं वेगळं नसतं, एकाच अंगात दोन्ही, त्यामुळं जोडी जमली की दोघीही अंडी घालू शकतात, आणि मिळालेलं बीज कित्येक महिने साठवून पुन्हा पुन्हा घालू शकतात. शंखी एका वेळी १०० ते ४०० अंडी घालते, भुसभुशीत मातीत एक-दोन इंच खाली, पांढरट पिवळसर, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. एक-दोन आठवड्यांत त्यातून पिल्लं निघतात. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सोडलेली एक गोगलगाय जुलैत किती होते याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

थंडी संपून माती वाळली की ती शंखाच्या तोंडाला चुनखडीचा पातळ पापुद्रा लावून घेते आणि झोपते, अशी कित्येक महिने राहते. कुठं, तर रचून ठेवलेल्या विटा, कौलं, जुन्या कुंड्या, सरपण, पाण्याच्या टाकीची मागची बाजू, कंपाउंडच्या भिंतीचा बुडखा. मे महिन्यात वळीव पडायच्या आधी हे सगळं एकदा हलवून बघायचं. तेव्हा त्या पळत नाहीत, लपत नाहीत, नुसत्या गोळा करायच्या. आमच्या परड्यात एकाच विटांच्या ढिगाखाली पाटीभर निघाल्या होत्या आणि त्या वर्षी दोडका, काकडी, मुळा सगळं नीट आलं, तेव्हापासून मे महिन्यातलं हे काम आम्ही चुकवत नाही.

हातानं वेचणं आणि गुळाचं गोणपाट

पाऊस लागला की रात्री आठ ते दहाच्या दरम्यान बॅटरी घेऊन बाहेर पडायचं, हातात ग्लोव्ह्ज नाहीतर प्लास्टिकची पिशवी, सोबत बादली. ग्लोव्ह्ज लागतातच, कारण या गोगलगायींच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातला एक जंत असू शकतो आणि तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. लहान मुलांना खेळायला शंखी देऊ नका, आणि पावसाळ्यात परड्यातली कच्ची खायची कोथिंबीर, मुळ्याचा पाला, काकडी एकेक करून वाहत्या पाण्यात चोळून धुवा, या दोन गोष्टी कळकळीनं सांगतो.

रोज रात्री जमत नसेल तर गोणपाट. एक किलो गूळ दहा लिटर पाण्यात, घरच्यासाठी शंभर ग्रॅम एका लिटरमध्ये पुरतो, त्यात गोणपाट भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरायचं. गुळाच्या वासानं आणि ओलीनं त्या रात्रभर खाली जमतात, सकाळी ऊन चढायच्या आत उलटायचं आणि वेचायच्या. कोल्हापुरात गुळाला तोटा नाही, पावसाळ्यात पाझर सुटून काळा पडलेला गूळ घरात असतोच, तोच वापरा, चांगली ढेप फोडायची गरज नाही. पपईची पानं, कोबीची बाहेरची पानं पसरली तरी चालतं. बाहेरच्या देशांत बिअर वाटीत ठेवतात, पण त्यातला ओढणारा वास आंबलेल्या यीस्टचा असतो, तेव्हा साखर-यीस्ट कालवलेलं पाणीही तेच काम करतं.

वेचलेल्या मिठाच्या दाट पाण्यात नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, मेल्या की खड्डा करून वर चुना टाकून पुरायच्या. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर फेकू नका, गटारीत सोडू नका, आठ दिवसांत तुमच्याकडंच परत येतात. मीठ फक्त बादलीत. वाफ्यात मीठ टाकलं तर गोगलगाय मरेल पण मातीही खराब होईल आणि झाडं करपतील.

राख, चुना, अंड्याची टरफलं

चुन्याची किंवा राखेची चार बोटं रुंद पट्टी कोरड्या दिवसात उपयोगी पडते, त्यांचा चिकट स्राव सुकतो आणि त्या ओलांडत नाहीत. पण आपल्याकडची जुलैची झड लागली की ती पट्टी तासाभरात वाहून जाते, म्हणून पाऊस उघडला तेवढ्यापुरताच भरवसा. अंड्याच्या टरफलांचं तर फारच ऐकू येतं. २०१८ मध्ये इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं टरफलं, तांब्याची पट्टी, खडी, सालींचं आच्छादन, लोकरीच्या गोळ्या असं सगळं लेट्युसभोवती लावून बघितलं आणि काहीच न लावलेल्या झाडांइतकंच नुकसान झालं. टरफलं कंपोस्टमध्ये घाला, तिथं उपयोग आहे.

त्यापेक्षा पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घालणं, रोपं दोन-चार पानांची होईपर्यंत पाचट बुडख्यापासून वीतभर लांब ठेवणं, आणि नर्सरीतून आणलेली कुंडी खालून उलटी करून बघणं, यानं जास्त फरक पडतो. बहुतेकांच्या परड्यात पहिली गोगलगाय कुंडीतून, शेणखतातून नाहीतर विटा-वाळूच्या खेपेतूनच येते.

औषध

दुकानात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात. काम करतात, पण पावसात विरघळतात आणि कुत्र्या-मांजरांना भयंकर विषारी आहेत, कुत्रं तर खाऊ समजून खातं. ब्रिटनमध्ये २०२२ पासून याचा उघड्यावर वापर बंद केलाय. घरात जनावर किंवा रांगतं मूल असेल तर आणूच नये असं माझं स्पष्ट मत. लोह फॉस्फेटच्या गोळ्या त्यामानानं सौम्य, खाल्ल्यावर गोगलगाय खाणं सोडते आणि आडोशाला जाऊन मरते, सेंद्रिय शेतीतही चालतात.

खाणारे आणि न मारायच्या

भारद्वाज शंखी फोडून खातो, बेडूक लहान पिल्लं खातात, आणि काजव्याच्या अळ्या तर गोगलगायींवरच जगतात. राधानगरीच्या जंगलात मे अखेरीला काजवे बघायला आपण गाड्या भरून जातो पण घराभोवती रात्रभर हॅलोजन आणि महिन्याला फवारणी असली की काजवा तिथं टिकत नाही. बाहेरून शिकारी गोगलगाय आणून सोडायचा प्रयोग १९५५ साली हवाई बेटांवर झाला, तिनं शंखी सोडून तिथल्याच दुर्मिळ गोगलगायी खाल्ल्या आणि कित्येक जाती कायमच्या गेल्या.

आपल्या सह्याद्रीतही अशा स्वतःच्या जाती आहेत. आंबोलीच्या अर्ध्या शंखाच्या एका गोगलगायीचं वरदिया आंबोलीएन्सिस हे नाव २०२१ मध्ये ठरलं, म्हणजे इतकी जवळची असून तोवर शास्त्राला ती माहीतच नव्हती. गगनबावडा, राधानगरी, आजरा या पट्ट्यात घर असेल आणि मोठ्या पट्टेरी शंखीपेक्षा वेगळी, बारीक, पातळ शंखाची किंवा अर्धाच शंख असलेली कुणी पाल्यात दिसली तर तिला बादलीत टाकू नका, अलगद उचलून भाजीपासून लांब, ओल्या सावलीत सोडा.