थंडीत सायकलवर पाणी लागत नाही?

‘थंडीत घाम येत नाही, मग सायकलवर पाणी कशाला?’ हा मेसेज दर हिवाळ्यात फिरतो.

घाम येतो, दिसत नाही इतकंच. पहाटे मुंबईहून मुरबाडकडे निघालं की जमिनीवरचा कोरडा वारा आणि सायकलचा वेग तो लगेच उडवून नेतात. गारव्यात तहानही कमी लागते, त्यामुळे समज पटतो.

खात्री घरीच होते. निघताना आणि परतल्यावर, अंग कोरडं करून, तेवढ्याच कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलात, तर साधारण दीड लिटर गेलं. (वडापाव, लघवीचाही हिशेब धरावा!) काळ्या जर्सीवर वाळलेलं पांढरं मीठ तर काट्याशिवायही दिसतं.

मात्र धास्तीने बाटल्या रिचवू नयेत. अती पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं.