कार्बन फायबरची चॅसी : गाडी आणण्यापूर्वी एवढं वाचा

“खालून थोडं घासलंय, पुट्टी मारून रंग देता का?” हे आमच्या वर्कशॉपमध्ये वरचेवर ऐकू येतं. बंपर किंवा स्पॉयलर असेल तर खुशाल देतो. कार्बन फायबरची चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, असेल तर आधी तपासणी, मग पुढचं बोलणं.

नेहमीच्या गाडीचा सांगाडा पत्र्याचे भाग वेल्ड करून बनतो. महागड्या वेगवान गाड्यांत प्रवासी बसतात तो मधला भाग कार्बनचा, म्हणजे कार्बन तंतूंचं कापड रेझिनने (घट्ट होणाऱ्या राळेने) जोडून केलेला, एकसंध टब असतो. त्यालाच मोनोकॉक म्हणतात. इंजिन, सस्पेन्शन वगैरे बहुधा त्याला बोल्टने जोडलेल्या अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर बसतं. ही पद्धत शर्यतीतून आली. 1981 मध्ये मॅक्लारेनने जॉन बर्नार्ड यांनी आखलेली कार्बन मोनोकॉकची फॉर्म्युला वन गाडी उतरवली. त्याच वर्षी मोन्झाला ती कठड्यावर आदळून इंजिन मागे तुटून पडलं, तरी चालक जॉन वॉटसन स्वतःच्या पायांनी बाहेर आले. तेव्हापासून या मालावर शंका घेणारे गप्प झाले. 1992 मध्ये रस्त्यावरची मॅक्लारेन एफ1 आली. तिच्या एका टबला सुमारे 3000 तास लागायचे; 2011 च्या 12सी गाडीचा साधारण 75 किलोचा टब चार तासांत व्हायचा, असं कंपनी सांगायची.

फरक पद्धतीचा. जुन्या रीतीत रेझिन लावलेलं कापड उणे 18 अंशांत साठवायचं, साच्यात हाताने एकेक थर बसवायचा आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत दाबाखाली भाजायचं. नव्या रीतीत कोरडं कापड बंद साच्यात (डायमध्ये) ठेवून आत दाबाने रेझिन सोडतात. दोन्हीत खरी मेख थरांच्या दिशेत आहे. 5 ते 7 मायक्रॉन जाडीचा हा कार्बनचा तंतू लांबीच्या दिशेने जबरदस्त ताण घेतो, आडवा मात्र कच्चा. म्हणून कुठे सरळ, कुठे 45 अंशांत, कुठे 90 अंशांत, असा प्रत्येक थराचा हिशेब असतो.

पोलाद मार खाल्ला की वाकतं, आणि ते दिसतं. कार्बन वाकून राहत नाही. वरचा लॅकर चकाचक, पण आत थरांचे पापुद्रे सुटलेले, असं होऊ शकतं. आम्ही आधी नाण्याने ठोकून ऐकतो. माठ घेताना वाजवून बघतात तसंच : चांगल्या जागी खणखणीत, सुटलेल्या जागी बद्द. जाड भागात मात्र कान फसतो. तिथे अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरी सोडून केलेली, तपासणीच हवी.

नको ते उद्योगही करू नका. अॅक्सेसरीसाठी टबला भोक पाडू नका, तंतू कापले जातात. अॅल्युमिनियमचा रिव्हेट थेट कार्बनला ठोकला तर साताऱ्याच्या पावसाळ्यात ओल धरून तो रिव्हेटच खाल्ला जातो. कारखान्यात मध्ये काचतंतूचा थर देतात तो यासाठीच. जॅक कंपनीने दाखवलेल्या जागीच लावा. पंक्चरवाल्याला तेवढं सांगाच, तो बिचारा सवयीने कुठेही लावेल.

आमच्याकडे व्हॅक्यूम बॅग (हवा ओढून थर दाबणारी पिशवी) आणि ओव्हन आहे, ऑटोक्लेव्ह नाही. बॉनेट, आरशाची कव्हरं, मोटारसायकलची पॅनेलं आम्ही बनवतो आणि दुरुस्तही करतो. टबची फक्त तपासणी करून लेखी अहवाल देतो. कुठला थर कोणत्या कोनात आहे याचा नकाशा कंपनीकडे असतो, आमच्याकडे नाही. अंदाजाने ठिगळ लावून तुम्हाला खंबाटकी घाट उतरायला पाठवणं आम्हाला जमणार नाही. दोष निघाला नाही तरी तपासणीचं शुल्क द्यावं लागेल, ते आधीच सांगितलं जाईल.

आणि हो, बाजारात ‘कार्बन’ म्हणून मिळणारं बरंच सामान प्लॅस्टिकवर चिकटवलेलं स्टिकर असतं. कडेला नख घालून बघा, उचकटलं तर समजा.

अपघातानंतर गाडी धुण्याआधी फोटो काढा. इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काही उघडू नका आणि त्या जागी रंगाचा हात अजिबात नको. गाडी स्टार्ट होत असली तरी चालवत आणू नका, फ्लॅटबेडवर घालून आणा. निघण्यापूर्वी फोन करा, म्हणजे लिफ्ट मोकळी ठेवता येईल.