पोट शांत असतं, तेव्हाचं औषध

शौचातून रक्त पडलं की पहिला संशय मूळव्याधीवर. मग कुणीतरी सुचवलेला झाडपाला, ताक, तिखट बंद. असे महिने जातात, वजन उतरतं, आणि शेवटी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, दुर्बिणीची तपासणी झाल्यावर कळतं, की आतड्याला सूज आहे आणि ती जन्माची सोबतीण आहे.

या सुजेचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे त्याची गल्लत आतड्याच्या क्षयाशी होते. दोन्ही दुर्बिणीत जवळपास सारखेच दिसतात. म्हणून कधी आधी क्षयाची औषधं देऊन जखमा भरतात का ते पाहिलं जातं. ‘डॉक्टरांनाच समजेना’ म्हणून रुग्ण वैतागतो. हे त्याला आधीच सांगायला हवं.

त्याहून महत्त्वाचं सांगणं गोळ्यांविषयी. आतड्याची सूज उतरवणारं मेसालामाइन सुरू होतं, रक्त थांबतं, चतुर्थीला पंगतीत नीट जेवता येतं, आणि माणूस गोळ्या सोडतो. बरं वाटतंय ते त्या गोळ्यांमुळेच! शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उठलेली असते. औषध तिला आवरून धरतं, आजार उपटून काढत नाही. तक्रार नसतानाही आत सूज धुमसत असू शकते. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिन नावाच्या प्रथिनाच्या चाचणीत ती दिसते.

स्टिरॉइडचं नेमकं उलट. त्याने लवकर आराम पडतो, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून फार्मसीतून ते पुन्हा आणलं जातं. लांबलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. एकदम थांबवणंही धोक्याचं, मात्रा हळूहळू उतरवावी लागते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी आजार उसळू शकतो. गुडघा दुखला तरी आधी विचारावं.

आहारावर सल्ले सगळेच देतात. हुमणाने, म्हणजे माशांच्या आमटीने, हा आजार झालेला नाही, आणि मासे कायमचे सोडायची गरज नाही. पोट बिघडलेलं असताना उकड्या तांदळाची पेज, मऊ भात बरा. फणस, कच्ची कोशिंबीर तेवढ्यापुरती दूर. क्रोन्समध्ये आतडं अरुंद झालं असेल तर चोथ्याच्या पदार्थांची काळजी कायम. सिगारेट मात्र क्रोन्स नक्कीच चिघळवते.

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता इस्पितळ गाठावं.

तरुण मुलींच्या घरी आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात येतो: मूल होईल ना? बहुतेकींना होतं. आजार शांत असताना दिवस राहिलेले उत्तम. बहुतेक औषधं गरोदरपणातही चालतात. मेथोट्रेक्सेट मात्र काही महिने आधीच बंद करावं लागतं. म्हणून हे बोलणं लग्न ठरतानाच डॉक्टरांशी व्हावं.