बीई प्रोजेक्टमधले हातकाम: पार्श्वभूमी

पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा पहिला वर्ग भरला तो सरकारी बांधकाम खात्याला कामाची माणसे हवी होती म्हणून. पुढची जवळपास एकशे चाळीस वर्षे इथे सोडून देऊ. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधले हातकाम कशाने बुडाले यावर आज जो वाद चालतो त्याची मुळे १९९५ नंतरच्या काळात आहेत.

तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा प्रोजेक्ट म्हणजे बहुधा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत. ट्रॅकचे, म्हणजे भाग जोडणाऱ्या तांब्याच्या रेघांचे, चित्र गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने काढायचे, इस्त्रीने तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचे आणि पत्रा नको ते तांबे खाणाऱ्या फेरिक क्लोराईडमध्ये बुडवायचा. प्रिंट उलटी निघाली की आयसीचे सगळे पाय आरशातले. द्रावणात जास्त वेळ राहिला तर बारीक ट्रॅक खालून कुरतडले जायचे. हमखास फसायचे ते चिपला ठोके देणाऱ्या क्रिस्टलमध्ये. ११.०५९२ मेगाहर्ट्झवर ९६०० बॉड हा डेटा पाठवायचा वेग अचूक मिळतो. दुकानात सहज मिळणारा १२ चा लावला तर त्याच सेटिंगला १०,४१६ येतो. साडेआठ टक्के फरक पडला की मोबाइल नेटवर्कशी जोडणारे जीएसएम मॉड्युल कचरा छापते. क्रिस्टल बरोबर असला तरी हेच मॉड्युल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढते, व्होल्टेज खचते आणि सगळे रीसेट होते. अशी चूक शोधण्यात आठवडा जायचा, आणि शिकणे व्हायचे ते त्याच आठवड्यात.

रेडीमेड प्रोजेक्ट विकणारी दुकाने याच काळात फोफावली. त्यानंतर आर्डुइनो हा तयार मायक्रोकंट्रोलर बोर्ड आला. क्रिस्टल, रेग्युलेटर, यूएसबी सगळे एकाच बोर्डावर आयते. हातकाम यानेच बुडाले, असे सर्रास म्हटले जाते. ते पटत नाही. चुका संपल्या नाहीत, फक्त जागा बदलल्या: सैल जंपर, जोडायची राहून गेलेली ग्राउंडची वायर, आणि मोटर चालवणारा एल२९८ आयसी दोनेक व्होल्ट स्वतःच खातो हे न कळल्यामुळे सहा व्होल्टवर रांगणारी मोटर.

खरा फरक वेळापत्रकाने पाडला. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि मूल्यांकनात प्रोजेक्टला वजन आले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने पदवीची एकूण क्रेडिट १६० वर आणली. त्यात प्रोजेक्ट, सेमिनार आणि इंटर्नशिप मिळून १५. एक ठोकताळा मात्र जुनाच राहिला: लेक्चरचा एक तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचा एक तास म्हणजे अर्धे. समर्थन असे की लेक्चरच्या मागेपुढे घरी अभ्यास लागतो, प्रॅक्टिकलला लागत नाही. मॅन्युअल बघून रीडिंग घ्यायच्या प्रयोगाला हे लागू आहे. प्रोजेक्टला अजिबात नाही. तिथे डेटाशीट घरीच वाचावी लागते.

आता हिशेब बघा. सहा क्रेडिटचा प्रोजेक्ट म्हणजे आठवड्याला १२ तास, १५ आठवड्यांत १८०, चौघांच्या गटाचे ७२०. कागदावर भरपूर. पण तेवढा वेळ लॅब उघडी ठेवायला माणूस लागतो, आणि पाच वाजता कुलूप पडते. बाहेरून बनवून आणलेला पहिला पीसीबी (छापील सर्किटचा बोर्ड) क्वचितच बरोबर येतो. फूटप्रिंट, म्हणजे भागाच्या पायांसाठी बोर्डावर आखलेली जागा, चुकला की दुरुस्ती, ऑर्डर आणि कुरियर यांत दोन आठवडे सहज जातात. ते तास वेळापत्रकात भरलेले दिसतात, बोर्डावर काहीच होत नाही. मग वेळ रिपोर्टकडे वळतो. गुण जिथे तारखेवर मिळतात तिकडे मुले जाणारच, त्यात त्यांचा काय दोष?

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर यात लांब इंटर्नशिपची भर पडली. आठव्या सत्रात चौघांपैकी दोघे बंगळुरूला, बोर्ड कॉलेजच्या कपाटात. उरलेले काम प्रोटियस या सॉफ्टवेअरमधल्या सिम्युलेशनवर भागते. सिम्युलेशनमधला ७८०५ हा पाच व्होल्टचा रेग्युलेटर तापत नाही. खरा तापतो: १२ व्होल्टवरून ५ करताना अर्धा अँपिअर काढला तर साडेतीन वॅट उष्णता, आणि हीटसिंक नसेल तर काही मिनिटांत तो आपणहून बंद पडतो. दोन मिनिटांच्या डेमोत हे लपून जाते. म्हणून सातव्या सत्राच्या शेवटी, मुले गावात असतानाच, बोर्ड परीक्षकासमोर सलग अर्धा तास चालवून दाखवायची अट हवी, आणि तिचे गुण रिपोर्टच्या गुणांतून कापून द्यायला हवेत.