पेन्शन खात्यावर जप्ती आली तर : जामीनदार ग्राहकांसाठी माहिती

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणी ना कोणी आमच्या कार्यालयात येऊन सांगतं, "खातं बंद केलंय, पेन्शन निघत नाही." यातल्या बहुतेकांनी स्वतः कर्ज काढलेलं नसतं. सहकाऱ्याला किंवा भाच्याला ते पतसंस्थेत जामीन राहिलेले असतात. कर्जदार थकला की संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली निबंधकांकडून, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडून, वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा हुकूम) घेते. दाखल्यात जामीनदाराचंही नाव असतं. मग वसुली अधिकाऱ्याचं पत्र आपल्या बँकेत पोचतं.

"पण पेन्शन जप्त होत नाही ना?" हा प्रश्न ठरलेला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने पेन्शन, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि पीपीएफ कोर्टाच्या जप्तीतून वगळले आहेत. सरकारी पेन्शनला 1871 च्या पेन्शन कायद्यातलं कलम 11 सुद्धा आहे. निवृत्तीचे पैसे हातात पडले तरी त्यांचं हे संरक्षण संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये राधेश्याम गुप्ता प्रकरणात सांगितलं. वसुली अधिकाऱ्यापुढेही आम्ही हेच मुद्दे लेखी मांडतो.

गाडी अडते ती पासबुकावर. गेल्या वर्षी आलेल्या एका निवृत्त शिक्षकांचं पासबुक आम्हाला अजून आठवतं. 1 तारखेला पेन्शन, 5 ला गाळ्याचं भाडं, 9 ला मुलाने मोबाइलवरून पाठवलेले पंधरा हजार, 14 ला सोयाबीनची पट्टी आणि मधेमधे एटीएममधून काढलेल्या रकमा. शिल्लक एक लाख बारा हजार. यातली पेन्शन किती? बँकेला ते ठरवता येत नाही, ती सगळंच खातं अडवून ठेवते. एकेक नोंद जुळवून तक्ता तयार करायला आम्हाला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस सरांनी औषधं उधारीवर आणली. खात्यात नुसती पेन्शन असती तर एका अर्जात काम झालं असतं.

म्हणून कळकळीची विनंती आहे, पेन्शनच्या खात्यात दुसरा एक रुपयाही भरू नका. भाडं, शेतीचे पैसे, मुलांनी पाठवलेली रक्कम यांसाठी वेगळं बचत खातं उघडा. ग्रॅच्युइटीची मुदत ठेव करायची असेल तर ती थेट त्याच रकमेतून करा आणि जमा झाल्याच्या नोंदीची प्रत पावतीला जोडून ठेवा.

नोकरीत असलेल्यांसाठी थोडक्यात. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश कोर्टाच्या जप्तीत धरत नाहीत. म्हणजे 31,000 पगारावर जास्तीत जास्त 10,000 कापता येतात. पोटगीच्या हुकुमाला मात्र हिशोब वेगळा.

निबंधक कार्यालयाचं रजिस्टर पत्र "घेतलं नाही" म्हणून परत पाठवू नका. सुनावणीत म्हणणं मांडायची संधी तेव्हाच असते. एकदा वसुली दाखला निघाला की त्याच सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154 खाली फेरतपासणी (त्या दाखल्याचा फेरविचार) मागायला वसुलीयोग्य रकमेच्या निम्मी रक्कम आधी संस्थेत भरावी लागते. नोटीस आल्यावर पैसे घाईने बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर फिरवूनही देऊ नका. पैसे लपवल्याचा संशय आला की खऱ्या पेन्शनचं म्हणणंही कोणी ऐकत नाही. असं काम आम्ही कितीही फी दिली तरी करत नाही.

पहिल्याच भेटीत आम्ही बारा महिन्यांचा शिक्का मारलेला खातेउतारा मागतो, त्यावर काहीजण नाराज होतात. फोनवर सांगा ना, म्हणतात. उतारा न बघता दिलेला सल्ला चुकला तर भोगावं तुम्हाला लागतं, म्हणून हा आग्रह. येताना पेन्शन मंजुरीचा आदेश, जामीनपत्राची प्रत आणि आलेली प्रत्येक नोटीस पाकिटासकट आणा, पाकिटावरची तारीख लागते. कागद बघून बाजू सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही. तक्ता आणि अर्ज करायचा ठरला तर फी आधी लिहून देतो. कोर्टात उभं राहायची वेळ आली तर वकील तुम्ही निवडा, कागद आम्ही त्यांच्याकडे लावून देऊ.