पॅव्हेलियनच्या दारात

१९८६ साली भारताचा महिला क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. मुंबईच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाज डायना एडलजी लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनच्या दाराशी गेल्या, आणि त्यांना आत सोडलं नाही. कारण एकच, त्या बाई होत्या. पॅव्हेलियन मेरिलबोन क्रिकेट क्लबचं, म्हणजे एमसीसीचं. खेळ चालू असताना तिथे राणी आणि कामाला असलेल्या बायका एवढ्यांनाच मुभा असे. एडलजी म्हणाल्या, या क्लबानं आपलं नाव बदलून एमसीपी करावं. एमसीपी म्हणजे 'मेल शॉव्हिनिस्ट पिग'. हा टोमणा अजून सांगितला जातो.

क्लबाच्या बाजूचं म्हणणं साधं होतं: संस्था खासगी आहे, कोणाला घ्यायचं ते सभासद ठरवतील. ऐकायला बिनतोड. आपल्या घरी जेवायला कोणाला बोलवायचं हे आपण सरकारला विचारत नाही. पण एमसीसी हे कोणाचं घर नव्हतं. १७८७ साली निघालेल्या या क्लबानं क्रिकेटचे नियम लिहिले आणि ते आजही त्याच्याच मालकीचे आहेत. १९६८ पर्यंत इंग्लंडमधल्या क्रिकेटचा सारा कारभार तिथूनच चाले. १९७० च्या दशकापर्यंत इंग्लंडचा संघ परदेशात 'एमसीसी' या नावानंच यायचा. १९८९ पर्यंत तर एमसीसीचा अध्यक्ष आपोआप आयसीसीचाही अध्यक्ष होई. खेळ सगळ्यांचा, खुर्ची मात्र एका पुरुषी क्लबाची. 'खासगी' या शब्दाची खरी अडचण इथे सुरू होते.

कायद्यालाही ती नीट सोडवता आली नव्हती, आणि गंमत म्हणजे ब्रिटनमधला त्यावरचा गाजलेला खटला बायकांचा नव्हताच. लंडनच्या ईस्ट हॅम भागातल्या कॉन्झर्वेटिव्ह पक्षाच्या एका क्लबानं भारतीय वंशाच्या एका अर्जदाराला सभासदत्व नाकारलं. तो त्याच पक्षाचा होता, नडला तो रंग. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं. १९७३ साली निकाल लागला: तेव्हाचा वंशभेदविरोधी कायदा 'जनतेला किंवा तिच्या एखाद्या भागाला' दिलेल्या सेवांपुरता आहे, आणि सभासद पारखून घेणारा क्लब जनतेत मोडत नाही. संसदेनं १९७६ च्या कायद्यात ही फट बुजवली. पंचवीस किंवा जास्त सभासदांच्या क्लबांना वंशावरून माणूस नाकारायला बंदी आली. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, लिंगभेदाविरुद्ध जो कायदा झाला होता त्यात खासगी क्लबांना मोकळं सोडलं होतं. तेच सरकार, तीच संसद. कातडीच्या रंगावरून नाही म्हणता येईना, साडी-स्कर्टावरून म्हणता येई. ही तफावत पुढे पस्तीसेक वर्षं तशीच राहिली.

म्हणून एमसीसीत बदल झाला तो कोर्टाच्या आदेशानं नव्हे, सभासदांच्या मतपेटीतून. त्यातलं मुख्य नाव रेचेल हेहो-फ्लिंट यांचं. १९७३ साली महिलांचा पहिला विश्वचषक झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी, आणि तो जिंकणाऱ्या इंग्लंडच्या कर्णधार त्या. तरीही बायकांना लॉर्ड्सवर खेळायला १९७६ चा ऑगस्ट उजाडावा लागला. १९९१ साली हेहो-फ्लिंट यांनी एमसीसीच्या सभासदत्वाचा अर्ज केला तो 'आर. फ्लिंट' या नावानं, म्हणजे वाचणाऱ्याला बाई की बुवा कळू नये. बायकांना घ्यावं का, यावरचं त्या वर्षीचं मतदान मोठ्या फरकानं विरोधात गेलं. १९९८ च्या फेब्रुवारीत ५६ टक्के बाजूनं पडले, पण नियम दोनतृतीयांशांचा. मधल्या काळात सरकारचा रोख बदलला होता. लॉटरीच्या पैशातून मिळणारं क्रीडा-अनुदान पुरुषांपुरत्या संस्थेला कसं द्यायचं, हा प्रश्न क्लबासमोर ठेवला गेला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा मत घेतलं आणि जवळजवळ ७० टक्के 'हो' म्हणाले. सात महिन्यांत इतक्या पुरुषांचं मनपरिवर्तन झालं, असं मला वाटत नाही. पैसा आणि लाज, दोन्ही कामाला आली असावीत. २११ वर्षांनी दार उघडलं, आणि १९९९ मध्ये दहा जणींना मानद आजीव सभासद करून घेतलं. त्यांत हेहो-फ्लिंट होत्या.

अमेरिकेत हाच पेच कोर्टानं सोडवला, आणि ते प्रकरण आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर जेसीज ही तरुणांची संघटना होती, १९८७ साली रोटरी. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टी गावच्या रोटरी क्लबानं १९७७ मध्ये तीन बायकांना सभासद केलं म्हणून मुख्य संघटनेनं त्या क्लबालाच बाहेर काढलं होतं. न्यायालयानं विचारलं ते असं: सभासद किती आहेत? निवड खरंच पारखून होते का? तिथे जमून माणसं करतात काय? जिथे व्यवसायाच्या ओळखी वाढतात आणि दरवर्षी नवे सभासद शोधले जातात, त्या संस्थेला घरगुती मैत्रीचं संरक्षण मिळणार नाही, असा निकाल लागला. १९८९ मध्ये रोटरीनं जगभरच नियम बदलला. तोवर आपल्याकडे नवरा रोटरीत, बायको इनर व्हीलमध्ये, अशी वाटणी असे. रोटरीच्या सभेला सराफ, डॉक्टर, बिल्डर आणि बँकेचा मॅनेजर एका टेबलाशी बसलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना न्यायालयाचा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

भारतात मात्र असा नेमका कायदा नाही. संविधानाचं कलम १५ दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या सार्वजनिक जागांचा उल्लेख करतं, क्लबांचा नाही. दुसरीकडे कलम १९ संघ बनवण्याचं स्वातंत्र्य देतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा 'फक्त पारशी' हा पोटनियम याच स्वातंत्र्याच्या आधारे वैध ठरवला. तो धर्माचा प्रश्न होता, पण दिशा कळते. आणि सरसकट बंदी घातली तर महिला मंडळांचं काय करायचं, हा प्रश्नही फालतू नाही.

ब्रिटननं २०१० च्या समता कायद्यात मधला रस्ता काढला. निव्वळ पुरुषांचा किंवा निव्वळ बायकांचा क्लब चालेल. पण दोघांना घेतलंत तर एकाला दुय्यम दर्जा देता येणार नाही. त्यामुळे लंडनचा गॅरिक क्लब, १८३१ सालचा, २०२४ पर्यंत कायदेशीररीत्याच पुरुषांचा राहिला. न्यायाधीश आणि बडे सरकारी अधिकारी तिथे सभासद असल्याचं वर्तमानपत्रात छापून आलं, तेव्हा गदारोळ झाला. मग वकिलांनी क्लबाची घटना उघडून पाहिली. तिच्यात बायकांना बंदी कुठेच नव्हती, फक्त सगळीकडे 'तो' होता. आणि १९२५ च्या मालमत्ता कायद्यानुसार असल्या कागदात 'तो' म्हणजे 'ती'सुद्धा. मे २०२४ मध्ये सुमारे ६० टक्के सभासदांनी हा अर्थ मान्य केला. इतकी वर्षं दाराला कुलूप नव्हतंच म्हणायचं.

लॉर्ड्सवर २०१७ साली मिताली राजच्या संघानं विश्वचषकाची फायनल नऊ धावांनी गमावली, तेव्हा मैदान खच्चून भरलं होतं. २०२२ मध्ये झूलन गोस्वामीनं शेवटचा सामना तिथेच खेळला, आणि २०२३ मध्ये या दोघींना क्लबानं मानद आजीव सभासदत्व दिलं. साध्या सभासदत्वाची रांग वेगळी. ती आता तीसेक वर्षांच्या घरात गेली आहे. १९९८ च्या मतदानानंतर लगेच नाव नोंदवलेल्या बाईचा नंबर, वाटेत कुठल्या सवलतीत ती बसली नसेल तर, आत्ता कुठे लागत असेल.